नाव इतर हक्कात

आर्णी हे अरुणावतीच्या काठचं तालुक्याचं गाव. नागपूर-तुळजापूर महामार्ग इथून जातो, बाबा कंबलपोष यांच्या उरुसाला दूरदूरची माणसं येतात, आणि गाव सोडलं की दोन्ही अंगांना कोरडवाहू रान लागतं: कपाशी, सोयाबीन, तूर. याच यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यात, राजूर नावाचं खेडं आहे. तिथल्या वैशाली येडे ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी मंचावर उभ्या राहिल्या. पुढे तीनच महिन्यांनी त्यांनी लोकसभेची निवडणूक लढवली. खेड्यातल्या लेकीचा हा प्रवास कशाचा पुरावा मानायचा, यावर दोन मतं आहेत, आणि ती समोरासमोर बसवावीत म्हणून हा लेख संवादाच्या रूपात लिहिला आहे. संवाद कल्पित आहे. त्यातले काका हे आर्णी तालुक्यातले कापूस पिकवणारे, पेपर नेमाने वाचणारे जाणते कास्तकार. त्यांचे आक्षेप मी सोपे करून घेतलेले नाहीत, कारण त्यांतले काही खरे आहेत.

काका : ताई, तुमी वैशालीबाईचं लय कौतुक करता. माहा तिच्यावर राग नाई, लेकीच्या वयाची हाय. पण एक बाई मंचावर चढली, त्यानं गावातल्या बाईचं काय बदललं ते सांगा. दाभडी आपल्याच तालुक्यातली. २० मार्च २०१४ ले तिथं ‘चाय पे चर्चा’ झाली, नरेंद्र मोदी आले, साऱ्या देशानं पाह्यलं. मंच बांधला, मंच सोडला. वावर तेच रायलं, पऱ्हाटी तीच रायली. मंचाचं अप्रूप शहरातल्या लोकाइले.

मी : मंचानं कापसाला भाव येत नाही, काका, हे मला मान्य आहे. म्हणून मी मंचापासून सुरुवात करत नाही. २००९ मध्ये लग्न, २०११ मध्ये पतीची आत्महत्या, पदरात दोन लहान मुलं, आणि २०१९ मध्ये संमेलन. बातम्यांनी ही टोकं पकडली आणि मधली आठ वर्षं सोडून दिली. प्रवास झाला तो त्या आठ वर्षांत. शेतमजुरी, शिवणकाम, अंगणवाडीतलं काम, आणि मग ‘तेरवं’ हे नाटक. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या या नाटकात शेतकरी आत्महत्येनंतर घर ओढणाऱ्या बायाच रंगमंचावर आल्या. तेरव्याच्या दिवशी आपल्या घरात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. भाऊबंद बोलतात, सोयरे बोलतात, देणेकऱ्यांचा हिशेब निघतो, वावर कोण पाहील यावर मतं पडतात. जिचं कुंकू गेलं ती भिंतीला पाठ लावून बसलेली असते आणि तिला कोणी काही विचारत नाही. त्याच विधीचं नाव घेतलेल्या नाटकात तीच बाई उभी राहून बोलते. आपले शब्द पाठ करताना शेजारणीचे ऐकते, आणि तिच्या ध्यानात येतं की सासरा तिलाही हेच म्हणाला होता, कचेरीत तिलाही हेच उत्तर मिळालं होतं. एकटीला ते आपलं नशीब वाटत होतं. आठ-दहा जणींचं सारखंच निघालं तेव्हा त्याला कारण असणार आणि ते कारण कुठेतरी लिहिलेलंही असणार, हे कळलं. संमेलनात वैशाली येडे यांनी पुनर्जन्मावर आपला विश्वास नाही, लढायचं ते याच जन्मात, असं मांडलं, ते या शिक्षणातून आलं असं मी मानते.

काका : शिक्षण म्हणा बापा. पण तिले बोलावलं कोणी, कवा, ते बी सांगा ना. नयनतारा सहगलबाईले आधी बोलावलं, मंग येऊ नका म्हटलं. खुर्ची खाली झाली. बोंब झाली. मंग आयोजकाइले आठवली शेतकऱ्याची बाई. तिले वापरलं, ताई.

मी : हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाची उद्घाटक कशी, असा विरोध झाला, धमक्या आल्या, आणि आयोजकांनी सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. एका बाईचा आवाज काढून घेतल्याची लाज दुसऱ्या बाईच्या दुःखानं झाकली गेली. अडचणीच्या वेळी दिल्लीतली नाही, गल्लीतली बाई कामी येते, अशा आशयाचं वैशालीताई बोलल्या, आणि ते सहगल यांच्याविरुद्ध शस्त्रासारखं वापरलं गेलं याचं मला वाईट वाटतं. या दोघींचं एकमेकींशी काहीच भांडण नव्हतं. पण बोलावणाऱ्याचा हेतू डागाळलेला होता, म्हणून बोलणारीचं म्हणणं खोटं ठरत नाही. साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१ साली, ग्वाल्हेरला. यवतमाळच्या अध्यक्ष अरुणा ढेरे पाचव्या. अठ्ठावन्न वर्षांत पाच. लेखिकांची ही गत, तर राजूरच्या बाईसाठी शुद्ध हेतूचं निमंत्रण कुठून येणार होतं? तिच्यासाठी दार उघडलं ते दुसऱ्यांच्या अडचणीमुळे. ती आत गेली आणि तिनं आपलं म्हणणं मांडलं. दार उघडणाऱ्याला दोष द्या, आत जाणारीला देऊ नका.

काका : बरं, तेही मानलं. पण मूळ रोग कोणता? कापसाले भाव नाई, पाणी नाई, बोंडअळी खाते, सावकार बसला हाय. नवरा मेला तो त्याच्यानं. यात बाई-माणूस असं कायले आणता मधात? शेतकरी जगला तर त्याची बायको बी जगीन.

मी : इथं आपला खरा मतभेद आहे. तुम्ही ‘शेतकरी’ म्हणता आणि मग ‘त्याची बायको’ म्हणता. शेतकरी एक, आणि बायको दुसरी. यवतमाळच्याच मातीतला दाखला घ्या. चिलगव्हाणचे साहेबराव करपे, महागाव तालुक्यातले, गावचे सरपंच राहिलेले. १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ त्यांच्यासोबत त्यांची पत्नी मालती आणि चार मुलंही गेली. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती घटना सांगितली जाते, आणि अलीकडे १९ मार्चला लोक त्यांच्यासाठी अन्नत्याग करतात. अन्नत्याग करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण मोजून पाहा, काका. त्या दिवशी सहा जीव गेले, आणि आपण म्हणतो एका शेतकऱ्याची आत्महत्या. मालतीबाई त्या मोजणीत कुठे आहेत? त्या घरात त्यांनी काय सोसलं होतं, त्या निर्णयात त्यांना विचारलं होतं का, हे प्रश्न चाळीस वर्षांत फारसे कोणी विचारलेले नाहीत. आपल्या करुणेलासुद्धा एकच नाव पुरतं, आणि ते घरच्या पुरुषाचं असतं.

आता जिवंत बायांकडे या. देशातल्या ग्रामीण कामकरी बायांपैकी चारातल्या तिघी शेतीत आहेत. तुमच्याच वावरात सरकी टोबायला कोण असतं, निंदायला कोण असतं? वेचणीला कमरेला ओटी बांधून सकाळपासून वाकलेल्या असतात त्या बाया. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलतात, आणि संध्याकाळी काट्यावर किलोमागे मजुरी मोजली जाते. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांत बायांचं प्रमाण सुमारे १४ टक्केच भरलं. राबणारी शेतकरी नाही. ज्याचं नाव कागदावर तो शेतकरी. तुम्ही म्हणता मूळ रोग भावाचा. मान्य. पण सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हमीभावानं कापूस द्यायचा तर काय लागतं? सातबारा, आणि त्यावर कपाशीच्या पेऱ्याची नोंद. पीककर्जाला सातबारा. पीकविम्याला सातबारा. पीएम किसानच्या वर्षाच्या सहा हजारांना सातबारा. नवरा गेल्यावर त्याच वावरात तोच कापूस तिनं पिकवला, आणि सातबारा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असला, तर तिला तो गावात येणाऱ्या खासगी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं द्यावा लागतो. म्हणजे भावाचा प्रश्नसुद्धा तिच्यापर्यंत पोचतो तो सातबाऱ्यातून गाळून. तुम्ही दोन प्रश्न वेगळे करता. तिच्या दारात ते एकच होऊन येतात.

काका : असे घरं किती असतीन पण? बहुतेक सासरे देतात सुनेले.

मी : देतात, असे सासरे आहेत, आणि त्यांचं नाव व्हायला हवं. पण २०१८ मध्ये महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ बायांची पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात ज्यांचे पती गेले, अशांपैकी ४० टक्के बायांच्या नावावर अजून शेतजमीन झालेली नव्हती. ज्यांच्या घरी तहसीलदार जाऊन पंचनामा करून आले, ज्यांची फाइल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे गेली, अशा घरांतलं हे चित्र आहे. राज्य सरकारची मदत २००६ पासून १ लाख रुपये ठरली; त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ती मिळणार की नाही हे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांवर ठरतं, आणि कागद तपासणारे आधी सातबारा पाहतात. आणखी एक गोष्ट सांगते, ती सांगताना मलाच जड जातं. शेतात राबणारी बाई जेव्हा स्वतः जीव देते, तेव्हा तिची नोंद अनेकदा गृहिणी म्हणून होते. मेल्यावरही ती शेतकरी ठरत नाही.

काका : तुमी म्हणता नाव चढवा. पण नाव चढलं का कर्ज बी चढते ताई. सोसायटीचा बोजा त्याच सातबाऱ्यावर असते. जे पोरगी आधीच मोडली, तिच्या नावानं नोटिसा काढायच्या का?

मी : हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, तुमच्यासारख्या कर्ज फेडलेल्या माणसालाच सुचतो, आणि मी त्याला मान देते. पण कर्ज तिच्या नावावर नसतं तेव्हा ते तिच्या दारावर नसतं का? सावकार सातबारा पाहून येत नाही, घर पाहून येतो. मुलीचं लग्न, दवाखाना, बियाणं यांची उधारी तिच्या शब्दावर असते. उलट, २०१७ ची कर्जमाफी असो की डिसेंबर २०१९ ची २ लाखांपर्यंतची कर्जमुक्ती, ती बँकेच्या खातेदारासाठी होती. सावकाराची आणि बचतगटाची देणी डोक्यावर असलेल्या बाईसाठी ती नव्हती. आजच्या व्यवस्थेत तिच्याकडे कर्जाचा भार आहे आणि कर्जदाराचा हक्क नाही. नाव चढल्यावर भार तोच राहील, पण पुनर्गठनाचा अर्ज तिला करता येईल, नवं पीककर्ज मागता येईल, आणि तिच्या सहीशिवाय वावर विकता येणार नाही. शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

काका : अन् घर? दोन एकरात किती नावं घालता? बायको, बहिणी, मंग त्याईचे पोरं. तुकडे पडतीन. बहिणीनं हिस्सा मांगतला का माहेर तुटते. आमच्या बहिणी हक्कसोड करून देतात ते काही जबरदस्तीनं नाई, मायेनं देतात. दिवाळीले येतात, साडी-चोळी घेतात, हसत जातात.

मी : तुकड्यांचं आधी. दोन भाऊ वाटणी मागतात तेव्हाही वावराचे तुकडे पडतात. त्या वेळी कोणी म्हणत नाही की धाकट्यानं हक्क सोडावा म्हणजे जमीन अखंड राहील. शिवाय सहखातेदार म्हणून नाव घातल्यानं बांध पडत नाही. नाव एका ओळीत येतं, वखर पूर्वीसारखाच चालतो. आणि हे काही पुण्या-मुंबईच्या बायांचं डोकं नव्हे. नोव्हेंबर १९८६ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, आणि पुढे त्यातूनच लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. कापसाच्या आणि कांद्याच्या भावासाठी रेल्वे अडवणाऱ्या त्याच शेतकऱ्यांनी आपल्या वावरातला हिस्सा बायकोच्या नावे केला. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारखी गावं त्यात पुढे होती. १९९२ मध्ये पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला सरकारनं वाट करून दिली. म्हणजे भाव मागणारी चळवळ आणि बाईचं नाव सातबाऱ्यावर मागणारी चळवळ ही महाराष्ट्रात एकेकाळी एकच होती. मधल्या काळात आपण ती तोडली. पतीनं जिवंतपणी आपणहून केलं तर ती लक्ष्मीमुक्ती, आणि तो गेल्यावर बाईनं मागितलं तर ते भांडण, असं का व्हावं?

बहिणींच्या मायेवर मी संशय घेत नाही. पण ज्या मायेची परीक्षा दरवेळी एकाच बाजूला द्यावी लागते, तिच्याकडे जरा नीट पाहायला हवं. महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क २२ जून १९९४ ला दिला, देशभर तो ९ सप्टेंबर २००५ ला आला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावरची उरलीसुरली शंका काढली. पतीच्या मिळकतीत विधवेचा वाटा मुलांइतका, हे तर १९५६ पासून आहे. इतकी वर्षं कायदा असूनही रजिस्ट्री कचेरीत हक्कसोडपत्रांची रांग बहिणींचीच का असते? भाऊ बहिणीसाठी हक्क सोडतो असं एक तरी पत्र तुमच्या पाहण्यात आहे का? माहेर तुटेल हे भय खरं आहे, ते मी हलकं करत नाही. नवऱ्याच्या मागे जिला सासरी जागा उरत नाही, तिला माहेरची ओसरी लागते, म्हणून ती सही करते. तिच्या सहीत माया असेल, पण गरजही असते. तिच्या नावावर वीतभर जमीन असती तर ती सही तिनं केली असती का, हे तशी जमीन तिला मिळेपर्यंत आपल्याला कळणार नाही.

काका : कोलामाच्या पोडावर सांगा हे. आपल्या तालुक्यात कोलाम हायेत, गोंड हायेत. आर्णीची विधानसभाच आदिवासीले राखीव. तुमचा वारसा कायदा त्याईले लागू नाई.

मी : नाही, तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, आणि ही मोठी उणीव आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात आदिवासी बाईच्या वारसांनाही समान वाटा दिला. उलट रूढी सिद्ध झालेली नसेल तर बाईला वगळणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असं ठरवलं. पण एका बाबतीत पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, आपल्या पुढे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलंय की वनजमिनीचा पट्टा लग्न झालेल्या माणसाला मिळाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे असेल. म्हणजे जंगलाच्या कडेला पट्टा मिळालेल्या कोलाम बाईचं नाव कागदावर तिच्या नवऱ्याच्या शेजारी असतं, आणि आर्णीच्या शिवारातल्या बागायतदाराच्या बायकोचं नसतं. तिथं घरं मोडली, असं कोणी म्हणत नाही.

काका : दुनियेत कुठं झालं का असं? का आपणच प्रयोग करायचा?

मी : झालंय, आणि आपल्यापेक्षा वाईट दिवसांत झालंय. आफ्रिकेतल्या रवांडा या लहानशा देशात १९९४ च्या नरसंहारानंतर हजारो विधवा आणि अनाथ मुली उरल्या. रूढीप्रमाणे जमीन पुरुषाकडून पुरुषाकडे जायची, त्यामुळे त्या बायांना आपल्याच वावरात पेरायचा हक्क नव्हता. १९९९ मध्ये कायदा करून मुलीला आणि पत्नीला वारसा मिळाला, आणि २००९ नंतर चार-पाच वर्षांत सरकारनं गावोगाव जाऊन सुमारे १ कोटी तुकड्यांची नोंद केली. विवाहित जोडप्याची जमीन दोघांच्या नावे. त्यातही उणं राहिलंच. ज्यांचं लग्न रीतीप्रमाणे झालं होतं पण नोंदलेलं नव्हतं, अशा बाया मागे पडल्या. कागद नाव मागतो, आणि नाव आधी दुसऱ्या कागदावर असावं लागतं. आपल्याकडच्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही.

केनियाच्या वंगारी मथाई यांचं नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. १९४० मध्ये न्येरी भागातल्या इहिथे या खेड्यात जन्म, पुढे अमेरिकेत शिक्षण, डॉक्टरेट, २००४ चं शांततेचं नोबेल. पण १९७७ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या हरित पट्टा चळवळीचं बीज विद्यापीठात सापडलं नाही. सरपण मिळत नाही, पाणी दूर गेलं, असं खेड्यातल्या बाया सांगत होत्या, त्यावर त्यांनी झाडं लावायला घेतली, आणि जगलेल्या रोपामागे बाईच्या हातात थोडे पैसे ठेवले. हातात पैसे आल्यावर त्या बाया जमिनीबद्दल आणि सत्तेबद्दल प्रश्न विचारू लागल्या. मथाई खेड्यातून बाहेर पडून परत आल्या आणि त्यांनी ऐकून घेतलं. वैशाली येडे खेड्यातच राहिल्या, आणि ज्यांचं ऐकून घ्यायचं असतं त्यांच्यातलीच एक बोलायला उठली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मधे कोणी दुभाष्या नाही.

काका : पण लोकाइनं तिले निवडलं नाई. ११ एप्रिल २०१९ ले मतदान झालं, प्रहार पक्षाकडून उभी होती, पडली. अन् आमाले तर मत बी देता आलं नसतं. ते यवतमाळ-वाशिम, अन् आर्णी चंद्रपुरात येते.

मी : पडल्या, हे खरं. जिंकल्या त्या भावना गवळी, म्हणजे त्या मतदारसंघाची खासदार बाईच झाली. म्हणून मी निवडणुकीला माझा पुरावा करत नाही, तुम्हीही करू नका. माझा पुरावा त्याच वर्षीच्या जूनमधला आहे. महिला शेतकऱ्यांच्या संघटना अनेक वर्षं मागत होत्या, आणि राज्य सरकारनं आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायांच्या जमिनीच्या नोंदी, पेन्शन, मुलांचं शिक्षण यांकडे प्राधान्यानं पाहण्याचा निर्णय काढला. तो नीट राबवला गेला का, हा पुढचा भांडणाचा विषय. पण संमेलनाच्या मंचापासून त्या निर्णयापर्यंत एकच मागणी वाहत होती: दया नको, नोंद हवी. पुढे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. कुंकू आणि बांगड्या राहू द्यायच्या हा चांगला ठराव आहे. मला त्याच ग्रामसभेत सातबाऱ्याचा ठरावही हवा आहे, कारण कुंकू राहिलं आणि वावर गेलं, तर तिची मुलं काय खातील?

काका : सातबारा सातबारा म्हणता, तर मी बी सांगतो. आमच्या सातबाऱ्यावर बायचं नाव हाय. माह्या मायचं. बाप गेला तवा तलाठ्यानं चढवलं.

मी : कुठल्या रकान्यात?

काका : म्हंजे?

मी : सातबाऱ्याच्या वरच्या भागात, नमुना सातमध्ये, एका बाजूला भोगवटादारांची नावं असतात. ज्यांची जमीन, ते. पूर्वी थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहायचे, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून. दुसऱ्या बाजूला ‘इतर हक्क’ असतात. विहीर, वाट, सोसायटीचा बोजा, बँकेचं तारण. आपल्याकडे वारसनोंद करताना मुलांची नावं भोगवटादारात घालायची आणि आईचं, बहिणींचं नाव इतर हक्कात सारायचं, अशी फार जुनी वहिवाट आहे. कायद्यानं आईचा वाटा मुलाइतकाच. पण कागदावर ती बँकेच्या बोज्याशेजारी बसते. कर्ज काढताना, अनुदान येताना, सीसीआयला कापूस देताना तो रकाना कोणी वाचत नाही. बाईचं नाव सातबाऱ्यावर आहे असं आपण समाधानानं म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते तिथं असतं.

काका : (कागद काढून पाहतात.) इतरातच हाय. सोसायटीच्या बोज्याच्या वर.

मी : दुरुस्ती होते, काका. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, वारसाचे पुरावे जोडायचे. फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, नोंदीची प्रत चावडीवर लागते. हरकतीला १५ दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

काका : पण माय तर गेली. दहा वर्सं झाली. नाव अजून तिथंच हाय.

मी : मग आता तिच्या वाट्याचे वारस लावावे लागतील. फक्त तुम्हीच नाही, तिची सगळी मुलं. तुम्हाला बहिणी किती?

काका : तीन. दोघी पुसदकडं देल्या. लहानी इथंच हाय, लोणबेहळले. तिचा मालक दोन वर्सांमागं गेला.